हीटर बंद करून वजनकाटा लावताना

आज सकाळी हीटर या मोसमात पहिल्यांदा सुरू झाला. आधी तळघरातून खट्ट असा आवाज, मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग जमिनीतल्या जाळ्यांमधून तो गरम वारा, उन्हाळाभर साचलेली धूळ भाजल्याच्या वासासकट. आमच्या ईडन प्रेरी गावात हिवाळ्याची वर्दी हा वास देतो, बर्फ मागाहून येतं. बाकीची माणसं हा वास आला की कपाटातून स्वेटर काढतात. मी मात्र हातातला चहा ठेवून थर्मोस्टॅटकडे निघालो, हीटर बंद करायला. अर्ध्या वाटेत भान आलं. अरे, कशासाठी? कुणाला काय तोलायचंय आता?

ही सवय वॉल्टची. वॉल्ट म्हणजे माझा डावीकडचा शेजारी. आता त्याच्या घरात एक तरुण जोडपं राहतं, दारात भोपळे मांडतं, मला लांबूनच हात करतं. वॉल्ट रॉचेस्टरला असतो, लेकीच्या घराजवळ, म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये. पण हीटर लागला, पानं गळायला लागली आणि दुकानांमधून शिकाऱ्यांची ती डोळ्यांत खुपणारी नारिंगी जाकिटं टांगली गेली, की मला तो एकच ऑक्टोबर आठवतो. मेधा, माझी बायको, गेली त्यानंतरचा पहिला.

त्या ऑक्टोबरात माझं घर म्हणजे नुसता आवाज होता. फ्रिजचा आवाज, हीटरचा आवाज, कामाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलणाऱ्या लोकांचा आवाज. माणसाचा असा काही नाही. लेक सई रेडमंडला, रविवारी व्हिडिओ कॉल करायची. "बाबा, आर यू ईटिंग?" हा पहिला प्रश्न. खातोय गं, म्हणायचो. खरं म्हणजे खातच होतो, कारण भात उरायचा. मेधा असताना जेवढा लागायचा तेवढाच तांदूळ माझा हात कुकरमध्ये टाकायचा. डोक्याला कळलेलं असतं, हाताला कोण सांगणार? मग सकाळी फोडणीचा भात, संध्याकाळीही फोडणीचा भात. कढीपत्त्याच्या वासाचा मला कंटाळा येईल असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

मेधाचा सगळा कारभार अंदाजाचा. वॉल्टला तिचा चिवडा फार आवडायचा. एकदा तो कागद-पेन घेऊन कृती उतरवायला आला. मीठ किती? "जरासं." जरासं म्हणजे किती? मेधाने चिमूट करून दाखवली. तिखट? "रंग येईल इतकं." बिचारा पेन धरून बसला होता. शेवटी घरी जाऊन मापाचे चमचे घेऊन आला, आणि ही बाई हसून हसून ओट्याला टेकली. "दिलीप, ह्यांना सांग, चमच्याने चिवडा होत नसतो." सईला तिने लहानपणीच बजावलं होतं की मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायची नाही, त्यामुळे तो आमच्याकडे वॉल्ट काका होता. त्यालाही ते आवडलं होतं. सईच्या ग्रॅज्युएशनच्या कार्डावर त्याने खाली सहीच केली होती, 'काका'.

तर त्या ऑक्टोबरात मी अंगणात पानं गोळा करत होतो. कागदी पिशवी तोंड मिटून घेत होती आणि मी तिला नागपुरी शिव्या घालत होतो. वॉल्ट कुंपणाशी आला. इथल्या जुन्या लोकांना कसं आहेस विचारलं तर एकच उत्तर असतं, "नॉट टू बॅड." बायपास झालेला माणूसही हेच सांगतो. त्या दिवशी वॉल्ट ते म्हणाला नाही. तो म्हणाला, "अर्धा तास आहे का? माझा वजनकाटा खोटं बोलतोय." बोलला तो इंग्रजीतच, पण वॉल्टचं बोलणं आता मला मराठीतच आठवतं.

त्याच्या तळघरात मी तोवर उतरलो नव्हतो. मेधा म्हणायची, त्या घरात बंदूक आहे, जरा जपून. एवढ्या वर्षांत ती जपणूक आम्ही पाळली होती. खाली गेलो तर काय, लाकडी बाक, भिंतीला ओळीने टांगलेली हत्यारं, तेलाचा वास, आणि मधोमध एक छोटा डिजिटल काटा, सोनाराकडे असतो तसा. वॉल्ट हरणाच्या शिकारीसाठी काडतुसं घरीच भरायचा. वापरलेली पितळी नळी साफ करायची, तिच्यात बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. ती दारू म्हणजे शिसपेन्सिलीच्या टोकाचे बारीक तुकडे करावेत तशी. प्रत्येक काडतुसात अगदी सारखी पडली पाहिजे. कमी पडली तर गोळी खाली जाते, जास्त पडली तर बंदूक हातातच फुटते. म्हणून काटा खरा हवा.

मग त्याने दोन कागद समोर ठेवले, नेमबाजीच्या सरावाचे. गेल्या वर्षीच्या कागदावरची सगळी भोकं एका बांगडीत मावली असती. यंदाची ताटभर पसरली होती. बंदूक तीच, माणूस तोच. "म्हणजे दारू कमीजास्त पडतेय," वॉल्ट म्हणाला. "म्हणजे काटा."

मला शिकारीतलं ओ की ठो कळत नाही. पण त्याचा एक नियम त्याने मला त्याच दिवशी सांगितला. गोळी कुठे लागणार याची खात्री नसेल तर जिवंत जनावरावर ती झाडायची नाही. जखमी हरीण पळतं, रानात कुठेतरी जाऊन पडतं आणि रात्रभर मरत राहतं. त्याच्या वडिलांनी त्याला हे शिकवलं होतं, आणि वडिलांबरोबर जायला लागल्यापासून एकही मोसम त्याचा चुकला नव्हता. बायको, कॅरोल, गेली त्या वर्षीसुद्धा तो गेला होता. "मी गेलो नसतो तर या खुर्चीतून उठलोच नसतो," तो म्हणाला. आता नोव्हेंबरात मोसम उघडायच्या आत काट्यातली चूक सापडली तर तो जाणार होता. नाही सापडली, तर चूक कुणात, हे उघड होतं.

मग आमचा उद्योग सुरू झाला. काम संपलं की मी कोट चढवून त्याच्या तळघरात. ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, नागपूरला फोनवर म्हटलं, शेजाऱ्याकडे दारू मोजायला जातो. ती किंचाळलीच. "काय करून राहिला रे तू तिकडे?" बंदुकीची गं बाई, म्हटल्यावर तर आणखीच घाबरली.

काट्याचे नखरे एखाद्या व्याह्याच्या वर. बाक समपातळीत हवा, म्हणून आम्ही पायांखाली पुठ्ठे सारले. तो तापायला वेळ लागतो, म्हणून आधीपासून लावून ठेवायचा. ट्यूबलाइटने बिचकतो, म्हणून टेबललॅम्प. फोनने बिचकतो, म्हणून माझा फोन वर स्वयंपाकघरात. हवा कोरडी झाली की अंगातल्या विजेनेही आकडा सरकतो, म्हणून वॉल्ट कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात तो सुगंधी कागद घेऊन काट्याची डिश पुसायचा. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे हीटर. वारा दिसत नाही, कळतही नाही, पण जाळीतून एक झुळूक आली की आकडा एका दाण्याने हलतो. मग वॉल्ट म्हणायचा, "डीलीप, हीटर." मी जिना चढून बंद करून यायचो.

हीटर बंद झाल्यावर त्या घरात जी शांतता यायची तशी मी पुन्हा कुठे ऐकली नाही. दोन म्हातारे, एक साठीच्या अलीकडचा आणि एक ऐंशीच्या आसपासचा, जाकिटं घालून, टोप्या घालून, श्वास रोखून एका आकड्याकडे बघत बसलेत. गार हवा हळूहळू भिंतींतून आत यायची. लॅम्पच्या उजेडात वॉल्टची नखं दिसायची, पिवळी, स्वच्छ कापलेली. बाहेर कुणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं. मेधाचा विषय तो काढायचा नाही, कॅरोलचा मी. पण त्या दोघी वर स्वयंपाकघरात बसल्यात आणि आपण खाली पोरांसारखा खेळ मांडलाय असं मला कधी कधी वाटायचं, इतकं की एकदा चहाला काय वेळ लावलाय हिने, असा विचार मनात येऊनही गेला. तो पुढचा क्षण फार वाईट होता.

एकेक करून सगळी कारणं संपत आली. पातळी झाली, ऊब झाली, वारा झाला, वीज झाली. काटा आता गपचूप उभा राहायचा. तेच काडतूस उचलून पुन्हा ठेवलं तर तोच आकडा. "स्थिर आहे," वॉल्ट म्हणाला, "पण स्थिर म्हणजे खरा नाही. एखादा माणूसही रोज तेच खोटं सांगू शकतो." आता हवी होती एक अशी वस्तू, जिचं वजन आम्हाला आधीपासून पक्कं ठाऊक आहे. यासाठी छोटी प्रमाणित वजनं मिळतात ना, मी विचारलं. वॉल्ट खाली बघत म्हणाला, "होती माझ्याकडे. कुठे ठेवली कोण जाणे."

आणि माझ्या डोक्यात मेधाचं वेढणं आलं. चोख सोन्याचं, अंगठीसारखं गुंडाळलेलं, एक तोळ्याचं. आम्ही इकडे यायच्या आदल्या दसऱ्याला तिने नागपुरात घेतलं होतं, अडीअडचणीला असावं म्हणून. ती गेल्यापासून तिचा दागिन्यांचा डबा मी उघडला नव्हता. त्या संध्याकाळी उघडला. आत तिच्या हळदीकुंकवाच्या पुड्यांचा वास होता. वेढणं मुठीत धरून मी अंगण ओलांडलं आणि तेवढ्या वाटेत ते माझ्या हाताइतकं गरम झालं.

हे शिकारी लोक दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे दाणा, एका ग्रॅममध्ये असे पंधरा-साडेपंधरा बसतात. मी वरती जाऊन फोनवर पाहिलं, एक तोळा म्हणजे किती ग्रेन. उत्तर आलं, बरोब्बर एकशे ऐंशी. म्हटलं वा! किती देखणा आकडा! खाली आलो, हीटर बंदच होता, श्वास रोखला, वेढणं डिशमध्ये ठेवलं. आकडा जरा फिरला आणि थांबला. १५४.३.

मी ओरडलोच. "वॉल्ट! खोटा आहे! ठार खोटा आहे!" जवळजवळ सव्वीस ग्रेनचा फरक! मी त्याच्या पाठीवर थाप मारली, आयुष्यात पहिल्यांदा. वॉल्ट त्या आकड्याकडे बघत राहिला. मग वेढण्याकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ. "वेल," तो म्हणाला, "आय'ल बी डॅम्ड." त्याने हीटर लावला, कॉफी केली. मी घरून चिवडा आणला, मी केलेला, मीठ जास्त झालेला. आम्ही वरच्या स्वयंपाकघरात बसून बकाबका खाल्ला. नवा काटा कुठून मागवायचा, दारू पुन्हा कशी भरायची, मी बोलत सुटलो होतो. एवढा मी वर्षभरात मिळून बोललो नव्हतो. त्या रात्री मला झोपही छान लागली.

सकाळी ताईचा फोन आला, दिवाळीचा. कौतुकाने तिला सगळं सांगितलं. ती अशी हसली की पलीकडे भाऊजींनी विचारलं, काय झालं म्हणून. "अरे बावळ्या, एकशे ऐंशीचा तोळा आजीच्या काळातला! आता सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम. मेधा माझ्यासोबतच तर आली होती ते घ्यायला. तुला इतकी वर्षं संसार करून तोळा माहीत नाही?"

माहीत होता हो. नागपुरात असतो तर शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पण तळघरात श्वास रोखून बसलेल्या माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. मी फोन ठेवून गुणाकार केला. दहा ग्रॅमचे ग्रेन किती? एकशे चोपन्न पॉइंट तीन. काटा दशांशापर्यंत खरा होता. जगात एखादी गोष्ट इतकी बरोबर असल्याचं मला एवढं दुःख कधीच झालं नव्हतं.

कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत मी त्याच्याकडे गेलो. गराज उघडं होतं. वॉल्ट स्टुलावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक छोटी प्लास्टिकची डबी होती. आत ओळीने बसवलेली चकचकीत वजनं.

"सापडली?" मी म्हणालो.

"हरवली नव्हती," तो म्हणाला. "ड्रॉवरमध्येच होती. काढली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

मी त्याला तोळ्याचा घोटाळा सांगितला. त्याने मान हलवली. "काटा एवढा चुकत असता तर माझी बंदूक केव्हाच तोंडावर फुटली असती. मला कालच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो डबीचं झाकण उघडझाक करत राहिला. "मेधा गेल्यावर तू काल पहिल्यांदा हसलास, डीलीप. म्हटलं, एक संध्याकाळ राहू दे."

मला रडू आलं. गराजमध्ये, दिवसाढवळ्या, पानांच्या पिशव्यांमध्ये उभा राहून मी रडलो, आणि तो म्हातारा मांडीवरच्या हातांकडे बघत बसला होता. तेव्हा मला दिसलं की ते हात थरथरत होते. थोडेसेच. वारा दिसत नाही, तसं ते मला इतके दिवस दिसलं नव्हतं. किंवा दिसलं असेल, मी पाहिलं नसेल.

मोसम उघडला त्या शनिवारी पहाटे दारावर टकटक झाली. वॉल्ट. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी, हात रिकामे. "चहा मिळेल?" म्हणाला. आम्ही मागच्या डेकवर बसलो, वाफा सोडत. उजाडता उजाडता एक हरीण मेधाने लावलेल्या झाडाखाली आलं आणि पडलेली छोटी सफरचंदं खायला लागलं. इथे गावात बंदूक झाडायची बंदीच, त्याला कसली भीती? शिंगांचा फाटा चांगला मोठा होता. वॉल्टने कप बशीत ठेवला, तो किणकिणला, म्हणून त्याने पुन्हा उचलून दोन्ही हातांत धरला. हरणाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. "चांगला आहे," वॉल्ट अगदी हळू म्हणाला. "फार चांगला आहे." ते कुंपणापलीकडे दिसेनासं झालं तरी तो तिकडेच बघत होता. चहा निवला. मी दुसरा केला, आलं घालून.

पुढच्या वर्षी लेकीने त्याचं घर विकायला काढलं. बंदुका जावयाकडे गेल्या, बाक कुणीतरी ट्रकमध्ये घालून नेला. जायच्या दिवशी वॉल्ट टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि माझ्या ओट्यावर ठेवून गेला. मिठी वगैरे मारणाऱ्यांतला तो नाही. तेव्हापासून काटा माझ्याकडे आहे. चिवड्याचं मीठ मी त्याच्यावर तोलत नाही, मेधा वरून हसेल. पण अजून माझा भात उरतो.

आज अर्ध्या वाटेवरून परत फिरायला हवं होतं, पण नाही फिरलो. हीटर बंद केलाच. काटा टेबलावर लावला, तापू दिला, फोन लांब दिवाणखान्यात ठेवला. घर गार होत गेलं. मग डबा उघडून वेढणं आणलं आणि ठेवलं. १५४.३. एवढ्या वर्षांत एक दाणाही हलला नाही. मी त्याच्याकडे बघत बसलो असतानाच दिवाणखान्यात फोन वाजला. वॉल्ट. हल्ली त्याचं बोलणं मधेच तुटतं, कधी कधी तो मेधा कशी आहे म्हणून विचारतो आणि मी 'नॉट टू बॅड' म्हणतो.

"डीलीप, तुमच्याकडे हीटर लागला?"

"आजच."

"काटा लावून बघितलास?"

"बघितला."

"मग?"

फोन कानाला लावून मी टेबलापर्यंत आलो. आकडा तसाच होता, शांत. खोटं बोलायला मला जरासुद्धा वेळ लागला नाही.

"वॉल्ट, तुझंच बरोबर होतं," मी म्हणालो. "काटाच बिघडलाय. आज एक सांगतो, उद्या दुसरं. पहिल्यापासूनच तसा असणार."

त्याच्या खोलीतल्या हीटरचा वारा तेवढा फोनमध्ये ऐकू येत होता. मग तो हसला. त्याला खरं वाटलं की तोही मला एक संध्याकाळ देत होता, मला सांगता येणार नाही.

"आय न्यू इट," तो म्हणाला. "तरी मी तुला म्हणत होतो." आणि जरा थांबून, "फेकू नकोस हं तो. पुढच्या वर्षी परत बघू."

बघू म्हटलं. फोन ठेवला. वेढणं उचललं तर काट्यावर शून्य आलं. ते रिकामं शून्य मला बघवेना, म्हणून वेढणं परत डिशमध्ये ठेवलं, आणि कोट चढवून तिथेच बसून राहिलो.